फाट्यावरच्या संडासाची चावी

आमच्या फाट्यावरच्या पेट्रोल पंपावर आता कॉफी भेटते. मशीनमधली, फेसाची, कागदाच्या पेल्यात. बाजूले काचेचं दुकान आहे, त्यात एसी आहे, जवळ गेलं की दार आपोआप सरकते. आत रंगीत पाकिटात मक्याच्या लाह्या, गाडीत लटकवायचा वास, कुत्र्याचे बिस्किटं. हो, कुत्र्याचे! ज्या तालुक्यात कुत्रे भाकरीच्या तुकड्यावर मोठे होतात, तिथं कुत्र्याचे बिस्किटं शोकेसमध्ये. अन् या साऱ्या थाटाच्या मागं, हवा भरायच्या मशीनच्या पलीकडं, 'महिला' अशी निळी पाटी लावलेलं एक दार आहे. त्याले कुलूप असते. मले त्या कुलपाबद्दल लिहायचं आहे, अन् मी शांतपणे लिहीन असं कोणी समजू नये.

मी दारव्ह्याले शाळेत मराठी शिकवते. वर्गात प्रमाण भाषा बोलते, पण डोकं फिरलं की माझ्या तोंडात वऱ्हाडीच येते, त्याले माझा इलाज नाही. आमचे हेडमास्तर म्हणतात, "मॅडम, जरा सबुरीनं घ्या." घेते नं. कितीक वर्षं सबुरीनंच घेतलं. आता हे लिहून राह्यली तर डोकं फिरलेलंच आहे.

आम्ही बंजारा. बोरी अरबच्या पलीकडं आमचा तांडा. घरात गोर बोली, बाहेर वऱ्हाडी. आईले आम्ही याडी म्हणतो. याडी अजूनही फेटिया-कांचळी घालते, म्हणजे आरसे टाचलेला जड घागरा अन् चोळी. तिच्या एका मूत्रपिंडाचं काम खड्यांनी जवळपास संपवलं आहे. दुसरं वाचवायचं तर गोळ्यांपेक्षा पाणी महत्त्वाचं, असं यवतमाळच्या डॉक्टरांनी आम्हा दोघींले समोर बसवून सांगितलं. दिवसभर पाणी, थोडं थोडं, न विसरता. अन् दर महिन्याले तपासणी. म्हणून दर महिन्याले मी याडीले तांड्यावरून गाडीत बसवते, यवतमाळले नेते अन् परत आणते. तो फाटा आमच्या वाटेत पडते. माझं मागणं एवढंच आहे, की त्या माऊलीनं पाणी प्यावं.

मी लहान होती तेव्हा याच जागी पंप होता, पण पंप म्हणजे काय तर टिनाची शेड अन् एक मशीन. मशीनले दांडा होता, तो फिरवला की आकडे खडखड करत वर सरकायचे. पंपाले लागून किराणा दुकान. पंपवाला शहरातला माणूस, त्याची बायको दुकान सांभाळायची. आम्ही तिले मामी म्हणायचो. दुकानात काचेच्या बरण्या, बरण्यांत गोळ्या, शेव, खारे दाणे. साबणाची लांब वडी तारेनं कापून तुकडा द्यायची. रॉकेल, बिड्यांचे कट्टे, चपलेचे अंगठे, पोळ्याच्या दिवसांत बैलांचे गोंडे. ज्याची मोटरसायकल शेतात बंद पडली, तो बाटली घेऊन यायचा, पंपवाला बाटलीत पेट्रोल द्यायचा, नरसाळं लावून.

यवतमाळचा दवाखाना असो, बाजार असो की कचेरी, तांड्यावरच्या बायायले फाट्यावर एसटी बदलावी लागायची. गाडी कधी येईल त्याचा नेम नाही. बाया दुकानासमोरच्या कडुनिंबाखाली बसायच्या. तेव्हा मामी बरण्यांच्या मागूनच आवाज द्यायची, "जा वो माय, मागं जागा आहे." मागं तट्ट्याचा आडोसा होता. चारी बाजूनं बांबूचे तट्टे, खाली फरशी, कोपऱ्यात लोखंडी बादली अन् डबा. बाजूले हापसी. तिथली रीत अशी, की जी बाई जाऊन येईल तिनं बादली हापसून भरायची अन् मागून येणारीसाठी आत ठेवून द्यायची. हे कोणी सांगितलं नव्हतं, पाटी नव्हती. याडीनं मले पहिल्यांदा तिथं नेलं तेव्हा मी हापसीच्या दांड्याले लोंबकळून ती बादली भरली होती अन् अर्धी फ्रॉकवर सांडली होती. "दुसरीले लागते," एवढंच याडी म्हणाली.

आता लगेच कोणी डोळे पुसू नका. मामी काही देवी नव्हती. तिचा माठ तिच्या घरच्यांपुरता होता, आमच्यासाठी बाहेर वेगळा गडवा ठेवलेला असायचा, अन् तो का वेगळा ते लहान पोट्टीलेही समजते. त्याचा राग मले आजही आहे, तो मी विसरणार नाही. पण आडोशाले तिनं कुलूप नाही लावलं. कोणाची बाई, कोणत्या जातीची, काय नेसून आली, हे तिथं कोणी विचारलं नाही.

मग रस्ता मोठा झाला. कडुनिंब गेले, दोन्ही बाजूच्या बाभळी गेल्या, मैलोगणती सावलीचं नाव नाही. मामी अन् तिचा नवरा थकले, वारले, अन् त्यांच्या मुलानं, जो बाहेर शिकून आला होता, सारं पाडून नवं केलं. वर मोठं छत, खाली चकचकीत फरशी, रात्री एवढा उजेड की किडे येऊन ढीग पडतात. हापसी उपटून टाकली अन् तिथं त्याच्या कंपनीचा झेंडा लावला. दुकान काचेचं झालं. बसायले बाक नाही, कारण बाक ठेवला की लोक बसतात! सुट्टं काहीच भेटत नाही. माझा भाऊ फवारणीच्या पंपासाठी बाटली घेऊन गेला तर त्याले हाकलून लावलं. बाटलीत देता येत नाही, नियम आहे. बरं बाप्पा, नियम आहे, आग लागते, मान्य. भावानं मुकाट्यानं मोटरसायकल आणून तिच्या टाकीत पेट्रोल टाकलं अन् घरी जाऊन नळी लावून काढलं.

पण संडास बांधला तेव्हा मी खूश झाली होती, खोटं कायले बोलू? टाइल्सचा, बायायचा वेगळा, कडी लागणारा. मी शाळेत मैत्रिणीले म्हटलंही, की चला, एक काम तर धड झालं.

मागच्या उन्हाळ्यात आम्ही दिवे लागायच्या वेळेले यवतमाळवरून परत येत होतो. डॉक्टरांचं ऐकून याडीनं दिवसभर पाणी घेतलं होतं, मोठ्या शहाण्या पोरीसारखं. फाट्याच्या आधीपासूनच तिची चुळबूळ सुरू झाली. मी पंपावर गाडी घेतली, पेट्रोल टाकायले सांगितलं अन् चावी मागितली. गणवेशातल्या माणसानं आधी माझ्याकडं पाहिलं, मग गाडीतून उतरणाऱ्या याडीकडं, तिच्या फेटियाकडं पाहिलं. "बंद आहे," तो म्हणाला, "पाणी नाही."

मी विश्वास ठेवला असता. पण तेवढ्यात मागच्या मोठ्या गाडीतून एक बाई उतरली, काळा चष्मा डोक्यावर सरकवलेला, हातात मोबाइल. ती सरळ काचेच्या दुकानात गेली, काउंटरवरून चावी उचलली अन् आमच्या समोरून त्या दाराकडं गेली. याडी फेटिया हातात धरून उभी होती. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी दुकानात शिरून असा आवाज काढला की कॉफीवाले पेले खाली ठेवून पाहायले लागले. मॅनेजर धावत आला. "अहो मॅडम, गैरसमज झाला, घ्या नं चावी."

ती चष्मेवाली बाहेर आली, मग याडी आत गेली. मी बाहेर उभी राहून धापा टाकत होती. नळ होता आत, पण धार करंगळीएवढीही नव्हती, हे मले मागून कळलं. जी एक भरलेली बादली होती ती तिनं वापरली. अन् मग तिनं तेच केलं जे ती त्या जागी वर्षानुवर्षं करत आली होती. रिकामी बादली हातात घेऊन ती बाहेर आली अन् हापसी शोधायले लागली. झेंड्यापाशी गेली. इकडं पाहिलं, तिकडं पाहिलं. प्लास्टिकची पिवळी बादली, अन् पंपाच्या त्या एवढ्या उजेडात माझी म्हातारी याडी.

"ए बाई! बादली कुठं घेऊन चालली?"

मॅनेजरच होता तो. आता नुकताच मले 'गैरसमज झाला' म्हणणारा. सारा पंप वळून पाहायले लागला. कोणीतरी हसलं. कोणीतरी म्हटलं, "या लोकायले काही दिलं की झालं." गणवेशवाल्यानं येऊन बादली तिच्या हातातून ओढली, अन् ओढताना तिच्या बांगड्या वाजल्या ते मले ऐकू आलं. याडीले काही समजेना. ती मले गोर बोलीत विचारत होती, हापसी कुठं गेली? दुसरीसाठी पाणी कुठून भरू?

त्या साऱ्या लोकांमध्ये तिचं बोलणं समजणारी मी एकटी. मी काय काय बोलली ते इथं लिहिता येणार नाही, शाळेतली नोकरी आहे. मॅनेजर म्हणत होता, "मॅडम, मागंही बादल्या चोरीले गेल्या आहेत, आम्हाले काय स्वप्न पडते का?" मी त्याले सांगितलं, की ती भरायले चालली होती. तो म्हणाला, "भरायले? कायले?" अन् खरंच, त्याच्या चेहऱ्यावर फक्त गोंधळ होता. एखादी बाई दुसऱ्या अनोळखी बाईसाठी पाणी भरून ठेवते, हे त्याच्या डोक्यात शिरतच नव्हतं.

याडी गाडीत जाऊन बसली.

त्यानंतर काही महिने सारं ठीक दिसत होतं. दर खेपेले मी पाण्याची बाटली द्यायची, ती मांडीवर धरून बसायची. फाट्यावर थांबू का म्हटलं तर म्हणायची, नाही लागली. मले वाटलं, बरं आहे. पावसाळा संपता संपता तिले ताप भरला, पाठीत कळा, लघवीले आग. भरती करावं लागलं. डॉक्टर भले माणूस, तिच्याजवळ खुर्ची ओढून बसले अन् म्हणाले, "आजी, पाणी काहून पीत नाही?" याडी म्हणाली, "तहानच नाही लागत जी."

तहान नाही लागत! सलाइनच्या नळीकडं ती कशी पाहत होती ते मी पाहिलं. बाहेर ओट्यावर मी वहिनीले गाठलं. वहिनी आधी सांगेना, मग म्हणाली, "बाई, सासूबाई दवाखान्याच्या आदल्या दिवशी दुपारपासूनच पाणी सोडतात. परत येईपर्यंत थेंब नाही. बाटली तुम्ही देता तशीच भरलेली आणतात अन् मनी प्लांटले टाकतात." वर म्हणते कशी, "त्यात काय एवढं? कुठं जायचं असलं की आपण साऱ्याच पाणी सोडतो नं?"

सोडतो. खरं आहे. परीक्षेच्या ड्युटीले दुसऱ्या गावी जायचं असलं की मी सकाळचा चहासुद्धा घेत नाही. लग्नाच्या वऱ्हाडात, मोर्च्याले, इलेक्शनच्या कामाले, प्रत्येक बाई कोरड्या तोंडानं निघते अन् जीभ टाळूले चिकटवून परत येते. आम्ही याले शहाणपणा समजतो, लेकींले शिकवतो. तरुण अंगाले ते पेलते तरी. याडीले दुसरं मूत्रपिंड गमवावं लागलं असतं, अन् गेलं असतं ते एका पिवळ्या बादलीपायी. डॉक्टर म्हणाले, यावेळी वाचलं, पुढच्या वेळची खात्री नाही.

याडीले घरी सोडलं अन् दुसऱ्याच दिवशी मी पंपाच्या मालकाले भेटायले गेली. मामीचा मुलगा. काचेच्या दुकानामागं त्याची केबिन. त्यानं उठून नमस्कार केला, कॉफी मागवली. मी सारं सांगितलं. त्यानं मान हलवत ऐकलं.

"मॅडम, तुम्ही केव्हाही या. तुमच्यासाठी चावी केव्हाही हजर."

"माझ्यासाठी नाही. माझ्या आईसाठी."

"त्यांच्यासाठीही. तुमच्यासोबत आल्या तर काहीच प्रश्न नाही."

"अन् एकटी आली तर?"

तो पेपरवेट फिरवायले लागला. मग म्हणाला, "लोक घाण करतात हो. उघडं ठेवलं तर आसपासचे सारे तांडे इथंच येतील. तुम्ही शिकलेल्या आहात, तुम्हाले समजते."

काय समजते मले? माझी आई घाण आहे अन् मी शिकल्यामुळं स्वच्छ झाली, हे समजते? मी उभी राहिली. म्हटलं, बाटलीत पेट्रोल द्यायचं नाही हा नियम तुमच्या माणसांले झोपेत उठवलं तरी पाठ आहे. पंपावरचा संडास येणाऱ्या-जाणाऱ्यासाठी उघडा ठेवायचा असतो, हा नियम कोण शिकवणार? म्हटलं, कंपनीच्या मोठ्या साहेबाले तक्रार करीन. नाहीतर येत्या रविवारी तांड्यावरच्या साऱ्या बाया घेऊन येते अन् तुमच्या या सरकत्या दारासमोर बसते, मग विका किती कॉफी विकता ते. म्हटलं, तुमच्या आईनं आम्हाले गडवा वेगळा दिला, पण आडोसा उघडा ठेवला. तुम्ही तर तिचं तेवढंही ठेवलं नाही. शेवटचं मी एवढ्या जोरात बोलली की काचेपलीकडचे गिऱ्हाईक थबकले. आईचं नाव निघालं तसा तो लाल झाला. "तो काळ वेगळा होता मॅडम," असं काहीतरी पुटपुटला. पण बेल मारून मॅनेजरले बोलावलं अन् माझ्यासमोर सांगितलं, कुलूप काढा.

अन् काढलं! मले खरं वाटेना. मी मुद्दाम दोनदा शाळेतून तिकडं जाऊन पाहून आली. कुलूप नाही. नळही दुरुस्त केला, चांगली धार येते. दार हवेनं हलत होतं. मी भल्ली ऐटीत होती त्या आठवड्यात. वर्गात पोट्ट्यायले सुद्धा नुसतं हसून बोलत होती, ते बिचारे घाबरले.

पुढच्या तपासणीले डॉक्टरांनी याडीले समोर बसवून पाणी पाजलं. पेला संपला की दुसरा. तिनं लहान लेकरासारखं डोळे मिटून प्यायलं. रिपोर्ट चांगला होता. परतीच्या वाटेवर तिची चुळबूळ सुरू झाली तसा मले आनंदच झाला. म्हटलं, आता दाखवते तिले. पंपावर गाडी घेतली, थेट त्या दारासमोर नेऊन उभी केली. आसपास कोणी नव्हतं. दार उघडं.

"उतर याडी. पाहा, कुलूप काढलं. तुझ्यासाठी काढायले लावलं."

तिनं त्या बाजूले मान वळवली नाही. "तिथं नको," म्हणाली.

"काहून नको? कोणी काही बोलणार नाही. मी आहे नं."

"तू आहेस म्हणून नाही बोलणार," याडी म्हणाली. "पुढं घे गाडी."

मी समजावलं. मग चिडली. मी खाली उतरून तिच्या बाजूचं दार उघडलं. तिनं सीटसमोरची, डॅशबोर्डवरची मूठ दोन्ही हातांनी धरून ठेवली, पोटावर वाकली, तोंड घामानं भिजलं होतं, पण उतरली नाही. दुकानाच्या काचेतून गणवेशवाला पाहत होता. तो खरंच काही बोलला नाही. शेवटी मी दार लावलं अन् गाडी पुढं घेतली.

थोडं अंतर गेल्यावर तिनं माझ्या दंडाले हात लावला. मी थांबली. रस्त्याच्या कडेले एक बाभूळ नाही. शेतातलं सोयाबीन काढून झालेलं, नजर जाईल तिथवर उघडी काळी माती. याडी उताराले हात टेकत खाली गेली. मी ओढणी काढून दोन्ही हातांनी ताणून धरली. ओढणी केवढी असते? मागून ट्रक आला. ड्रायव्हरनं वेग कमी केला, भोंगा वाजवला, एकदा नाही, वाजवतच राहिला, अन् बाजूचा माणूस खिडकीतून अर्धा बाहेर निघून हसला.

मी ओढणी न सोडता त्या ट्रकच्या मागं ओरडली. जेवढ्या शिव्या मले तिन्ही भाषांत येतात तेवढ्या दिल्या, माझा गळा फाटला. ट्रक गेला तरी मी ओरडतच होती.

खालून याडीचा आवाज आला.

"हळू बोल बाई. लोक पाहून राह्यले."